आईच्या रेडिओला शिशाचं कव्हर

रेडिओ कमरेला खोचून स्वयंपाक करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी रोज पाहत होतो, कारण ती माझी आई. इंदूबाई, वय एकसष्ट, माहेर काटोल, मुक्काम नागपुरातलं सक्करदरा, दोन खोल्या आणि सामायिक नळ. लुगड्याचा पदर कमरेला आवळून बांधायचा, उजव्या कुशीला त्यात ट्रान्झिस्टर खोचायचा, आणि कणीक भिजवण्यापासून धुणं वाळत घालण्यापर्यंत सगळी कामं त्याच्यासकट करायची, असा तिचा तीन वर्षांचा रिवाज. आधीचा जुना रेडिओ आम्ही खिडकीत ठेवत होतो. पण आई मागच्या अंगणात गेली की मधलं बोलणं तिच्या हातून सुटायचं, आणि बोलणाऱ्या माणसाला अर्धवट टाकून उठणं तिला बरं वाटत नसे. मला ती रोज टाकते, पण मी काही रेडिओवर बोलत नाही.

सत्त्याहत्तर सालच्या होळीनंतर तिची उजवी कूस दुखायला लागली. डॉक्टरकडे जाऊ, असं मी म्हणालो. खरंच म्हणालो, पुष्पलताला विचारा. पुष्पलता म्हणजे माझी बायको, आणि ती माझ्या बाजूनं साक्ष देते असं फार वेळा होत नाही. पण डॉक्टरच्या आधी विश्वनाथजी आले. समोर राहतात. एका सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत एकोणतीस वर्षं लोकांना 'श्वास घ्या, धरा, सोडा' सांगून ते रिटायर झालेत, आणि सवय अजून गेलेली नाही. बोलता बोलता मध्येच ते 'धरा' म्हणतात आणि आपण उगाच श्वास धरून बसतो.

त्यांनी आईच्या कमरेकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं आणि निदान केलं, किरण. रेडिओत कुठले किरण, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "मंग मुंबईचा आवाज इथं कसा येते? पोस्टानं येते का?" मी मान हलवली. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो आहे. त्यांच्या एक्स-रे खोलीतला प्रत्येक माणूस शिशाचा एप्रन घालायचा, कारण शिशातून किरण पार होत नाहीत. म्हणून रेडिओ आणि बाई यांच्यात शिसं पाहिजे. चारही बाजूंनी पाहिजे, कारण किरण कोपऱ्यातून वळतात. एवढं सांगून ते चहा पिऊन गेले आणि डॉक्टरचा विषय आमच्या घरातून कायमचा गेला.

तुम्ही म्हणाल, मग रेडिओ कमरेवरून काढून ठेवा. काढलाच. पुष्पलतानं त्याच दिवशी तो बंद करून वर फळीवर ठेवला, कारण चालू असला तर किरण फळीवरूनही पोचतात, असं विश्वनाथजी सांगून गेले होते. पण महिनाभरावर एक गुरुवार येऊन राहिला होता, आणि सगळा घोळ त्या गुरुवारचा आहे.

झालं होतं असं की आईच्या महिला मंडळात आकाशवाणीची माणसं आवाज भरून घ्यायचं मशीन घेऊन आली होती. बायकांच्या कार्यक्रमासाठी कोणी काय, कोणी काय सांगितलं. आई सरगुंड्यांवर बोलली. गव्हाच्या पिठाची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, वाफवायची, काडी ओढून घ्यायची, वाळवायची. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी करतात. त्यावर आई सात मिनिटं बोलली म्हणे. मग कार्ड आलं. अमुक तारीख, गुरुवार, दुपारी साडेबारा. ते कार्ड आईनं देवाच्या मागं ठेवलं आणि मला म्हणाली, "रविंद्र, साठ वर्षं झाली मी बोलून राहिली. पण मी कशी बोलतो, हे मलेच माहीत नाही. एक डाव आयकू दे. मंग मोडून टाकजो तुहा रेडिओ."

आता टेप घरोघरी झाल्या आहेत. तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत कोणी स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. मी भावूक होऊन बोलून गेलो की आई, गुरुवारी तू तुझा आवाज तुझ्याच कमरेवरून ऐकशील, शिशाचं कव्हर करून देतो, दुखणंही नाही आणि काही नाही. असं मी बोलायला नको होतं. ऑफिसात मी कोणाला कधी तारीख देत नाही.

शिसं मिळवणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. विश्वनाथजींनी सांगितलं की त्यांच्या जुन्या खोलीतला एक फाटका एप्रन भांडारात पडून आहे, अर्ज करा. मी अर्ज केला. मी स्वतः सरकारी कारकून. अर्ज कसा करतात हे मी लोकांना सतरा वर्षं शिकवतो आहे. भांडारातला बाबू माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चष्मा. त्यानं अर्ज वाचला आणि म्हणाला की एप्रन निकामी आहे हे खरं, पण निकामी ठरवणारी समिती दीड वर्षात बसलेली नाही, तोपर्यंत तो कामाचाच समजावा लागतो. मी म्हणालो, फाटलेला आहे. तो म्हणाला, फाटलेला असणं आणि फाटलेला ठरणं वेगळं. हे वाक्य मी लोकांना अनेकदा ऐकवलं आहे. त्या दिवशी ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं ऐकताना कसं लागतं ते कळलं. वर त्यानं रेडिओला एप्रन कशाला, याचा खुलासा जोडायला सांगितला. खुलासा मी दोन वेळा लिहिला आणि दोन्ही वेळा मलाच तो पटला नाही.

आठ दिवस असे गेल्यावर मी इतवारीत भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे जुन्या केबलवरचं शिसं होतं, नळीसारखं सोललेलं. त्यानं ठोकून चपटं करून दिलं. ते गुंडाळून काखेत धरून मी निघालो तर चौकात हवालदारानं अडवलं. शहरात टेलिफोनच्या केबलची चोरी चालली होती आणि मी ऐन भर दुपारी काखेत केबलचं शिसं घेऊन घामाघूम चाललो होतो. पावती विचारली. भंगारवाला पावती देत असता तर तो भंगारवाला राहिला असता का? मी खरं ते सांगितलं, आईच्या रेडिओचे किरण अडवायचे आहेत. हवालदारानं मला थेट चौकीत नेऊन बसवलं. तिथं बाकावर बसलो असताना आमच्या ऑफिसचे कवडू चपराशी सायकलवरून गेले. थांबले. नमस्कार केला. पुढं गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला फार मायेनं विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

चौकीतल्या जमादाराला चोरी पटेना आणि खरं त्याहून पटेना. शेवटी त्यानं मधला मार्ग काढला, म्हणाला, रेडिओ आहे तर रेडिओचं लायसन आणा, म्हणजे सोडतो. लायसन घरी होतं, ते पुष्पलता घेऊन आली. त्यावर नाव माझ्या वडिलांचं, नत्थूजींचं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, आणि आमचा ट्रान्झिस्टर तीन वर्षांचा. जमादार म्हणाला, "म्हणजे मेल्यावर घेतला का त्यांनी?" सोडलं, पण लायसन नावावर करून घेईन असं माझ्याकडून लिहून घेतलं. तेव्हा रेडिओचं लायसन पोस्टातून मिळायचं, म्हणून पोस्टात चार हेलपाटे. नाव बदलायला मूळ लायसनधारकाची सही लागते. मूळ लायसनधारक अंबाझरीच्या स्मशानघाटावरून सही करायला येऊ शकत नाहीत, हे मी लेखी दिलं. तर म्हणाले, मग त्यांची संमती तरी जोडा. इथं मी वाद घातला नाही. मला माणसं थकून गप्प कशी होतात हे नुसतं माहीत होतं. कसं वाटतं ते माहीत नव्हतं.

या सगळ्यात गुरुवार पाच दिवसांवर आला आणि हातात चपटं शिसं सोडलं तर काही नव्हतं. मी रामाजींकडे धावलो. बडकस चौकाजवळ बसतात. जोडे शिवतात, पण मूळचं काम बैलांच्या साजाचं आणि म्यानांचं, आणि ते काम आता कोणी आणत नाही याचं त्यांना वाईट वाटतं. मी सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, म्यान शिवायचं तर वस्तूवरच शिवायचं. चामडं ओलं करायचं, वस्तूवर ताणायचं, तिथल्या तिथं शिवून टाकायचं. वाळलं की जे आवळतं ते जन्मभर सुटत नाही. तलवारीला सोडून दुसऱ्या कशाला असं कव्हर मिळत नाही, रेडिओला तर नागपुरात कोणाच्याच नाही. रेडिओ मेणकागदात गुंडाळला, सेल काढून घेतले, आतून सहाही बाजूंना शिसं, वरून ओलं चामडं. आवाज यायला समोर आरीनं भोकं पाडली, शिशातही पाडली. आवाजाच्या आणि स्टेशनच्या बटणापुरती दोन भोकं. मागं सेलपुरती झडप, तीही शिशाची.

मध्ये एकदा त्यांनी हात थांबवला आणि म्हणाले, "भाऊ, शिवायच्या आधी सेल टाकून एक डाव लावून पाहा ना." मी म्हणालो, रेडिओ चांगला चालतो, तुम्ही शिवा. मला ऑफिसात परत जायचं होतं. चौकीच्या प्रकरणापासून साहेब मला मायेनं वागवत होते आणि ते मला सहन होत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी कव्हर घरी आलं. काम सुरेख होतं, यात वाद नाही. पट्टा, बक्कल, कडेनं पिवळा दोरा. फक्त ते उचलताना पुष्पलताच्या तोंडून 'बाप्पा' निघालं. वजनाला भरल्या तांब्याएवढं होतं. उद्या दुपारपर्यंत वाळू द्या, तोवर सेल घालू नका, असं रामाजींनी बजावलं होतं. आईनं दुरूनच पाहिलं आणि म्हणाली की चामडं मी चुलीपाशी नेणार नाही.

हे मला सुचायला हवं होतं. आमच्याकडे घड्याळाचा चामडी पट्टासुद्धा देवापाशी आणि स्वयंपाकात चालत नाही, मी स्वतः तो काढून जेवायला बसतो. तीन आठवडे एप्रन, केबल, पोलीस, पोस्ट एवढं सगळं केलं, पण बाई ते घालून उभी कुठं राहणार याचा विचार घरातल्या एकाही माणसानं केला नाही. पुष्पलतानं रात्रीचं जेवण बाजूला ठेवून जुन्या खणाची खोळ शिवली. आई म्हणाली, कापडात असलं तर चालते. म्हणजे रेडिओवर मेणकागद, त्यावर शिसं, त्यावर चामडं, त्यावर खण. असा सजून तो गुरुवारची वाट पाहत बसला.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बारा वाजता गल्लीतल्या आठदहा बाया आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसल्या. विश्वनाथजी खुर्चीवर. आईनं दिवाळीचं लुगडं नेसलं होतं. कमरेला पट्टा बांधला तर ती उजवीकडे कलली, म्हणून डाव्या हातानं दाराची चौकट धरून उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना. बोलताना मी उभी होती, म्हणाली, आयकीन बी उभ्यानंच.

बारा पंचवीसला मी सेल घातले आणि बटण फिरवलं. खर्र झालं. आवाज वाढवला, खर्र वाढली. स्टेशनचं बटण इकडून तिकडे फिरवून पुन्हा होतं तिथं आणलं. कोणतंच स्टेशन नाही. आईला दारात नेलं, अंगणात नेलं, आकाशवाणी त्या बाजूला म्हणून तोंड सीताबर्डीकडे करून उभं केलं, परत आत आणलं. खर्र.

विश्वनाथजी खुर्चीवरून उठले, कान लावून त्यांनी ऐकलं आणि चेहरा खुलला. म्हणाले, "वा. कव्हर पक्कं झालं. एक किरण आत जाऊन नाही राहिला."

 किरण आत जात नाहीत, म्हणजे स्टेशनही आत जात नाही, हे बी. ए. इतिहासवाल्यालाही त्या क्षणी कळलं. विश्वनाथजींना ते माझ्यानंतर कळलं, एवढंच समाधान. त्यांनी सवयीनं 'धरा' म्हटलं आणि मग ते मान खाली घालून चपला शोधायला लागले.

मी विळी घेतली आणि आईच्या कमरेवरच कव्हर उसवायला लागलो. रामाजींची शिवण विळीला दाद देईना. शिसं वाकायचं पण तुटायचं नाही. एकेक बाई हळूच उठून कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर तिथला रेडिओ ऐकायला पळाली, आणि त्यांना मी दोष देत नाही. आईलाही चल म्हणत होत्या. पण आई इंदूबाई आहे. दिवाळीचं लुगडं नेसून पानठेल्यावर उभी राहणार नाही.

त्यातच भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. पलीकडे रुखमाबाई राहते. नळावर आधी घागर कोणाची, यावरून आई आणि ती दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. रुखमाबाईनं दार लावून घेतलं होतं, पण आत रेडिओ चालू होता. बाईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आईनं कव्हरासकट कान भिंतीला लावला. पुष्पलता म्हणाली, आई, जाऊन दार वाजवा, नाही तं मी वाजवतो. आई म्हणाली, "नाही." मी म्हणालो, आई, तूच बोलून राहिली आहेस तिथं. ती म्हणाली, माहीत आहे. अन् डोळ्याला पदर लावला. मला लाज वाटली. विळी हातात धरून मी नुसता उभा होतो.

"तुही कूस दुखते ना, म्हणून केलं मी हे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

"कूस तं तेव्हाच थांबली," आई म्हणाली. "तुम्ही रेडिओ फळीवर ठेवला अन् चार दिवसांत थांबली. त्याचा कोपरा टोचत होता."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"तू एवढा लागला होता. माह्यासाठी तू कधी एवढा लागला होता का? म्हटलं, होऊ दे त्याच्या मनासारखं."

मी खाली बसलो आणि पट्टा सोडून ते धूड मांडीवर घेतलं. रागानं झडपेत विळी घालून ओढली तेव्हा एक कोपरा उसवला, शिसं उलटलं, आणि रेडिओ एकदम स्वच्छ बोलला. रेडिओतली बाई म्हणाली, "धन्यवाद, इंदूबाई." मग सतार वाजली. बारा वाजून सदतीस मिनिटं झाली होती.

 पुष्पलतानं आईला पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. मी म्हणालो, आकाशवाणीत जाऊन विचारतो, पुन्हा लावतील. पण मलाच माहीत होतं की तिथंही एक टेबल असेल आणि त्याच्यामागं माझ्यासारखाच कोणी बसला असेल.

तेवढ्यात उंबऱ्यात रुखमाबाई उभी. दोन वर्षांत पहिल्यांदा. तोंड लाल.

"पुऱ्या विदर्भात माहं नाव घ्यायले तुले कोणं सांगितलं होतं वं?"

"मी काय म्हटलं?" आईनं विचारलं.

"मलेच विचारते. आता बोलली ना रेडिओत."

"मी नाही आयकलं," आई म्हणाली, आणि बोटानं माझ्या मांडीकडे दाखवलं.

रुखमाबाईनं पाहिलं. खण फाटलेला, चामडं उसवलेलं, शिसं बाहेर, आणि त्यात मी. तिचा राग जागच्या जागी बसला. आत आली, भिंतीला टेकून बसली. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की नळावर ती आईची नक्कल करते, इतकी हुबेहूब की मी एकदा आई समजून तिला ओ दिली होती. तिनं पदर आईसारखा कमरेला आवळला, मान आईसारखी तिरपी केली आणि सुरू झाली. पहिल्या शब्दापासून. चुका काढायला म्हणूनच तिनं कान देऊन ऐकलं होतं, त्यामुळे एक अक्षर सुटलं नव्हतं. पीठ किती सैल, काडी कोणती, वाफ किती. आई मध्येच खाकरली होती, तेही.

"माहा लेक सरकारात आहे," रुखमाबाई आईच्या आवाजात म्हणाली. "कागद चांगला लिहिते. घरात त्याच्यानं काडी नाही हलत. पन लेक चांगला आहे, कोणाचं वाईट नाही करत." हे सगळ्या विदर्भानं ऐकलं होतं, ऑफिसच्या कवडूंनीही. मी कव्हराकडे पाहत राहिलो.

"अन् आमच्या बाजूला रुखमाबाई आहे. नळावर लय भांडते. पन तिच्या हातचे सरगुंडे इतके बारीक होतेत, ते मले आजवर नाही साधले. खोटं काहून बोलू." इथं रुखमाबाईचा स्वतःचा आवाज मध्ये आला, आणि ती थांबली.

आई तिच्याकडे एकटक पाहत होती. "अशी बोलतो मी?"

"अशीच."

"नाकातून?"

"नाकातूनच. नाही तं काय."

आई हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, मी तिला असं हसताना वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मग तिनं डोळे पुसले आणि रुखमाबाईच्या जवळ सरकून बसली.

"पुन्हा म्हण वं," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

माझ्या मांडीवरचा रेडिओ आता खणखणीत लागला होता, बातम्या सांगत होता. आईनं माझ्याकडे न पाहता हात केला आणि मला तो बंद करायला सांगितला.